नावाच्या रकान्यात

महापेत तिसऱ्या मजल्यावर रात्रपाळीला
मी भिंती राखते.
भिंती कसल्या, एकशे बारा भिंती
ज्या एका पडद्यावर दिसतात, तो पडदा.
बँकेची, दवाखान्याची, रबाळ्याच्या रंगकारखान्याची,
सगळी हिरवी टिंबं. एखादं पिवळं.
बाहेर पारसिकचा डोंगर, आणि वारा फिरला
की काचेतूनही येणारा रसायनाचा गोडसर वास.

पावणेतीनला यादीत एक प्रिंटर आला.
प्रिंटरना नावं असतात. हिशेब-दोन. गोदाम. मोठे साहेब.
याच्या नावाची जागा कोरी होती.
कोरं काही खटकत नाही त्या वेळी.
आत काय आहे बघावं म्हणून क्लिक केलं.

तेवढंच.

जागा कोरी नव्हती.
शाळेत ‘पेक्षा लहान’ म्हणून शिकलेली ती खूण,
तिच्या आडोशाला चार शब्द,
मग ‘पेक्षा मोठं’.
नावाच्या रकान्यात हुकूम बसला होता,
आणि पडद्यानं तो वाचला नाही,
पाळला.
माझ्या परवान्यानं, माझ्या नावानं
दवाखान्याच्या भिंतीत एक दार उघडलं.
नोंद झाली:
उघडणार, हर्षला मढवी. वेळ दोन सत्तेचाळीस.
मी तेव्हा चहात बिस्किट बुडवत होते.

आमच्या घणसोलीच्या फाटकावर बिंदेश्वर असतो.
अक्षराखाली बोट धरून वाचतो, ओठ हलवत.
परवा कुणी टारगट वहीत
नावाच्या रकान्यात ‘तुझा बाप’ लिहून गेला.
बिंदेश्वरनं ते मोठ्यानं वाचलं.
पाया नाही पडला.

मोठे काका लहानपणी दिव्याच्या खारीत
बांधावर उघाडी सांभाळायचे,
भरती आली की झाप लावायची, ओहोटीला सोडायची.
आता तिथे माझ्यासारख्यांच्या इमारती आहेत.
त्यांना सांगायला गेले तर मध्येच म्हणाले,
“खांड भरतीनं नाय जात गो,
चिंबोरीचे बिलानं जाते.”
आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

नवव्या दिवशी कंपनीचं पत्रक आलं.
तीव्रता: मध्यम.
वापरकर्त्याने क्लिक करणे आवश्यक.
हे वाक्य मी दोनदा वाचलं.
मी आवश्यक होते.

दुरुस्ती बसवली, तासाभराचं काम.
आता जे लिहिलंय ते फक्त दिसतं.
तो प्रिंटर अजून यादीत आहे, पुरावा म्हणून,
आणि त्याचं नाव उघडं पडलंय:
खुणा, शब्द, खुणा,
दात काढलेल्या सापासारखं लांबलचक,
गोदाम आणि मोठे साहेब यांच्या मधोमध.
मी त्याच्याखाली बोट धरलं.
ओठ हलले असतील.

चौकशीच्या खोलीत एसी फार गार.
मॅडमनी कागद सरकवला. दवाखान्याचं काय गेलं
ते त्या सांगत नव्हत्या, मला विचारायचं धाडस नव्हतं.
पहिला रकाना नावाचा.
पेन टेकवलं आणि थांबले.
हा कागद पुढे कोण उघडणार,
वाचणार की पाळणार,
हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

“नाव माहीत नाही का स्वतःचं?” मॅडम म्हणाल्या.

लिहिलं.
नुसती अक्षरं.