दानाप्पा चपला मोजतो

खानापूरला आलो तेव्हा माझ्याकडं
सेमिनरीची पदवी होती
आणि गुंडाळी करून आणलेला एक तक्ता:
येत्या दहा वर्षांत ही मंडळी कुठं असेल.
निळ्या मार्करनं बाण, लाल मार्करनं आकडे.
नदीपलीकडच्या तीन वाड्यांत तीन प्रार्थनाघरं,
तरुणांसाठी सभागृह, शिवणवर्ग, एक जीप.
प्रत्येक बाणासाठी मी गुडघे टेकले होते,
हे खोटं नाही.

पंचांच्या बैठकीत तक्ता भिंतीला लावला.
दमट भिंतीवर चिकटपट्टी धरेना,
म्हणून एक कोपरा शांतव्वा सौंदत्तींनी
शेवटपर्यंत हातानं दाबून धरला.
सगळे म्हणाले, छान. कुणी म्हणालं, भाळ चलो.
मग चहा आला.

दारात दानाप्पा बसला होता, घंटा वाजवणारा,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला नको म्हणणारा.
"साहेब," म्हणाला, "तुम्ही लांबचं बघूलालासा, बरं झालं.
खरं रिबेकाची चप्पल तीन रविवार न्हाई."

मला वाटलं, म्हातारा विषय सोडून बोलतोय.
नंतर कळलं, दर रविवारी
उपासना सुरू झाली की तो पायरीवर उतरतो
आणि हात फिरवून चपला मोजतो.
कुणाचा अंगठा तुटलाय, कुणी खिळा मारून घेतलाय,
कुणाची टाच एकाच बाजूनं झिजते,
कुणी नवी घेतली म्हणजे पोराला नोकरी लागली.
मी व्यासपीठावरून बघतो तेव्हा
मला फक्त भरलेली बाकं दिसतात.

रिबेकाचं घर कौलांच्या भट्टीमागं.
नवरा गेला त्याला पाच महिने.
कबरीचा दगड पाथरवटाकडं तसाच पडून,
कारण सासरचे म्हणतात कन्नडात कोरा,
आणि ती म्हणते, तो माझ्याशी मराठीत भांडायचा.
पंचांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकललेला,
तीनदा.
दोन बैठका माझ्या आधीच्या.
तिसरीखाली माझी सही.

प्रार्थना करू या म्हटलं,
आणि कुठल्या भाषेत सुरुवात करावी
इथंच अडलो.
तिला ते दिसलं. हसली नाही, पण पाट सरकवला.
"बसा," म्हणाली, "न बोलता बसा जरा.
तसं कुणी आलंच न्हाई."
बसलो.
भट्टीचा धूर दारातून आत येत राहिला.
देवाकडं काय मागावं सुचलं नाही,
पण तो त्या खोलीत माझ्या आधी येऊन बसला होता,
हे मी माझी पदवी पणाला लावून सांगतो.

पाथरवट म्हणाला, दोन लिप्या बसवायच्या
तर दगड मोठा लागणार, वरचे पैसे कुणाचे?
मी जीपच्या डब्यातले काढून दिले.
पंच चिडले. त्यांचं चुकलं नव्हतं,
विचारायला हवं होतं मी.
रिबेका आली, मागच्या बाकावर बसते.
सासरचे त्या दिवसापासून येत नाहीत.
दानाप्पाच्या मोजणीत आता
एक जोड जास्त, चार जोड कमी.
त्यांच्या दारात दोनदा जाऊन आलो.
दुसऱ्यांदा निदान पाणी दिलं.

जीप नाही. नदीपलीकडं सायकलनं जातो,
एका वाडीत सात माणसं जमतात, चिंचेखाली.
तक्ता कपाटावर आहे, फाडलेला नाही,
त्यातले बाण मला अजून खरे वाटतात.
फक्त रविवारी पहिलं गीत सुरू झालं की
मी दाराकडं बघतो,
आणि दानाप्पा तिथून बोटं वर करून दाखवतो,
आज दोन. आज एक.

गेल्या रविवारी त्यानं अख्खा पंजा दाखवला.
मी प्रवचन आखडतं घेतलं
आणि बाहेर येऊन आधी
सायकलीच्या चाकात हवा आहे का ते दाबून पाहिलं.