उजवा आरसा

स्कूटरचा आरसा गेला. उजवा. तिसऱ्यांदा.
वॉचमन गायसमुद्रेंवर ओरडलो खूप.

रात्री आठवला तो लंगडा ग्रीक गुलाम,
ज्याचा लोखंडी दिवा चोरांनी नेला
तर म्हणे दुसऱ्या दिवशी मातीचा आणला.
बरं आहे त्याचं.
त्याला कुठे कर्वे रोडवर उजवीकडे वळायचं होतं.

बुधवारी जुन्या बाजारात
पोत्यावर मांडलेला दिसला, माझाच,
कोपऱ्यात तोच ओरखडा.
पोरगा डबा खात होता.
"शंभर," म्हणाला, तोंडात घास.
ओठांवर आलं होतं बरंच काही.
आरशात पाहिलं : कानशिलं लाल झालेला कुणी इसम.
त्याला म्हटलं, जेवू दे त्याला.

ऐंशीला घेतला.
(वीस रुपयांइतका अजून कच्चा आहे मी.)

घरी आलो.
आधी गायसमुद्रेंकडे गेलो,
मग स्क्रू आवळले.