दोन अंश मागे

बदलीचा आदेश एका ओळीचा होता.
गाडीला मात्र कुणी काहीच कळवलं नाही.
भोसरीच्या गाळ्यात, डिसेंबरात, शार्दूलने भरून दिलेला मॅप
तिच्या डोक्यात तसाच होता:
हवा सव्वीस अंश, पेट्रोल नेहमीच्या पंपाचं,
आणि मालकीण घाईत.

मे महिना. दुपारचे अडीच.
नंदोरीच्या अडलेल्या म्हशीला मोकळी करून
समुद्रपूरला परतताना तिसऱ्या गिअरात पाय दाबला,
तर बॉनेटखाली कुणीतरी
पत्र्याच्या डब्यात फुटाणे हलवले.

बाभळीखाली थांबले. केबल लावली, लॅपटॉप मांडीवर.
आत जाणारी हवा: एकाहत्तर.
हे इंजिनाचं तापमान नव्हे, तिच्या श्वासाचं.
एकशे सहा ताप असलेल्या गाईला
मी कधी पळवलं असतं का?

शार्दूल फोनवर म्हणाला, लॉग पाठव.
सरळ रस्ता, एकच गिअर, पूर्ण पाय.
सरळ रस्ता इथं आहे. तेवढ्याची कमी नाही.
दोन्हीकडे वखरून ठेवलेली काळी माती,
आणि क्षितिजावर एक जिनिंगचं धुराडं
जे कितीही गेलं तरी जवळ येत नाही.

तो आकडे वाचून म्हणाला, विचित्र आहे.
तू तीनशे मीटर खाली उतरलीस, दाब वाढायला हवा.
वाढलाय, म्हटलं. पण हवा भाजलेली आहे.
तो गप्प झाला. पुण्यात त्या वेळी
त्याच्या गाळ्यावर पंखा फिरत असावा.

इस्तारी मडावी विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो.
टर्बो त्याने कधी पाहिलेला नव्हता.
माझ्या बॅगेतला स्टेथोस्कोप न विचारता काढला,
ब्लॉकवर टेकवला, डोळे मिटले,
आणि मला म्हणाला, रेस द्या. अजून. बस.
"तिले घाई होऊन राह्यली, बाई.
ठिणगी लवकर पडून राह्यली.
पिस्टन वरतं याच्या आधीच हे तिले धक्का मारते."

आठ हजारांच्या यंत्राने जे सांगितलं होतं
तेच. फक्त यंत्राने "बाई" म्हटलं नव्हतं.

मग त्याने कूलरच्या ताटीतला भिजवलेला वाळा
इंटरकूलरसमोर तारेनं बांधला.
मी हसले. एकाहत्तरचे एकोणसाठ झाले.
मी हसायची थांबले.

ओट्यावर बसून, रात्री, लाईट जाऊन-येऊन असताना
रकाने बदलत गेले.
बूस्ट एक पूर्णांक एकवरून शून्य पूर्णांक नऊ.
पंखा पंच्याण्णवऐवजी अठ्ठ्याऐंशीला सुरू.
इंधन थोडं जास्त; इथल्या टाकीत काय येतं
ते पंपवाला पण छातीठोक सांगत नाही.
ठिणगी दोन अंश मागे.
सगळीकडे नाही. भार असतो तिथेच.

दोन अंश म्हणजे किती?
मला वाटलं होतं, हरल्यासारखं वाटेल.
पुण्यात मी प्रत्येक अंशासाठी भांडले होते,
बाणेरच्या सिग्नलवर कुणा अनोळखी मुलाला
मागे टाकण्यासाठी. त्याचं नावही माहीत नाही.

पहाटे चारला फोन आला, गिरडकडून.
बैलाचं पोट फुगलंय.
रस्ता गार होता, अठ्ठावीस अंश,
आणि गाडीत ताकद शिल्लक होती
जी नव्या मॅपने मागितलीच नाही.
मीही मागितली नाही.
मागच्या सीटवर ट्रोकारची पेटी खुळखुळत होती,
बाकी काही वाजत नव्हतं.
बैल वाचला. तो नसता वाचला तरी
फुटाणे वाजले नसते, हे मी नोंदवून ठेवते.

जुन्या फाइलचं नाव होतं "अंतिम_७".
सहा अंतिम आधी होऊन गेले होते.
नव्या फाइलला काय म्हणायचं, विचार करत होते
तेव्हा इस्तारी चहा फुंकत उभा होता.
"किती वर्सं हाय इथं?"
तीन, बहुतेक.
"मंग हिवाळ्याचा वायला बनवा लागन,"
तो म्हणाला, आणि स्टेथोस्कोप
अजून त्याच्याच गळ्यात होता.