बर्फात चांदी नसते

इंदुरात त्या साली मे महिन्यात बर्फ पडायचा,
कापडी तंबूत, रोज दोनदा, शनिवारी तीनदा.
बाहेर लू. आत गोणपाटावर
गिरणीची पाळी संपवून आलेली माणसं
पायांची बोटं आखडून बसायची.

पडद्याशेजारी स्टुलावर माझे आजेसासरे,
भालचंद्र टोकेकर, हातात वेताची छडी,
गळ्यात मफलर. चित्रपट उत्तरेतला, म्हणून मफलर.
इंग्रजी पाटी आली की ते छडी टेकवत
आणि मोठ्यानं सांगत, आधी मराठीत,
मग मागच्या रांगांसाठी माळवीत.

त्यांना इंग्रजी येत नव्हतं.
हे पेटीवाल्या गफूरखाँना ठाऊक होतं.
आणखी कुणाला नाही.

त्यामुळे खिडकीत कंदील धरून उभी असलेली ती बाई
कुणाची कोण, शेवटपर्यंत ठरलं नाही.
सोमवारी बायको.
बुधवारी बहीण, भाऊबीज चुकलेली.
गिरणीत संप झाला त्या आठवड्यात
कुत्र्यांच्या गाडीवरून निघालेला तो दाढीवाला
थकलेला पगार मागायला निघाला होता,
आणि तंबू शिट्ट्यांनी फुगला.

अखेरीस एक पाटी यायची, तीन शब्दांची,
तिच्यामागून बर्फ, नुसता बर्फ, बराच वेळ.
तिथं आजेसासरे काही सांगत नसत.
गफूरखाँही भात्यावरचा हात काढून घेत.

मग बोलपट आले. तंबूवाल्यानं
चार महिन्यांच्या पगाराऐवजी
सहा गंजके डबे हातावर ठेवले.

सराफ्यात नंदलाल सोनीनं रिळं
सोड्याच्या उकळत्या पाण्यात सोडली,
रात्रभर ढवळली, गाळ आटवला, तोलला.
दोन तोळ्यांना गुंजा कमी.
म्हणाला, सगळा बरफच भर के लाए पंडतजी,
बरफ में चाँदी नी होती.
चाँदी काले में होती है.

म्हणजे झाडांत होती. कुत्र्यांच्या पाठींत.
त्या बाईच्या केसांत,
कंदिलाचा उजेड संपतो तिथून पुढे.
बर्फ ही फिल्मची नुसती मोकळी जागा,
ती बांगडीवाला शेराच्या भावानं घेऊन गेला.

उरलेल्या काळ्याची जोडवी झाली,
लग्नात अंबूच्या पायात गेली,
मग सासूबाईंच्या. आता माझ्या.
डावं जरा सैल आहे.

परवा पुण्याहून एक मुलगा आला होता,
हरवलेल्या चित्रपटांची यादी करतो.
नाव विचारलं, मला माहीत नाही.
देश? थंड होता म्हणे.
शेवट विचारला, मी सोमवारचा सांगितला,
मग बुधवारचा, मग संपातला.
दोन पानं लिहून त्यानं पेन थांबवलं.
यातला खरा कुठला, मावशी?

चहा ओतायला उठले.
ते तीन शब्द मला कोण सांगणार होतं?
पाटी काळी, अक्षरं पांढरी.
अक्षरं सोड्याच्या पाण्याबरोबर
सराफ्याच्या मोरीतून खान नदीत गेली असतील,
किंवा कुणा नवरीच्या हातात चार दिवस वाजली असतील.
अक्षरांभोवतीचं काळं तेवढं राहिलं,
फरशीवर माझ्याबरोबर चालत होतं, टक्, टक्,
आणि तो मुलगा, बिचारा,
भिंतीवर कुणाचा फोटो आहे का ते बघत होता.