किल्ली नाकारली

शुक्रवारी संध्याकाळी एकशे अठ्ठेचाळीस पॅकेजांना
न वाचताच 'होय' म्हटलं
आणि चहा टाकायला उठले.
परत आले तर पडदा काळा.
वरच्या कोपऱ्यात एक आडवी रेघ तेवढी
मिचकत होती,
काही सांगायचं असून न सांगणाऱ्या माणसासारखी.

सोमवारी साळच्या मुंडकारांचा नकाशा द्यायचा होता.
तीन घरं, एक विहीर, आणि ज्या फणसावरून भांडण
तो फणस.
सगळं त्या काळोखाच्या आत.

बेनितो अस्नोड्याहून फोनवर:
"घाबरू नको गो. बंद कर. चालू होताना शिफ्ट दाबून धर.
यादी येईल. वरचा नको. जुना कर्नल घे."
आतल्या खोलीतून पप्पा:
"खंयचो कर्नल? मिलिट्रीचो?"

जुना चालला.
फणस दिसला. विहीर दिसली.
मी म्हटलं, झालं तर मग.
बेनितो म्हणाला, जुन्यावर किती दिवस काढशील, लॉग वाच.

मग रात्री साडेदहाला मी मोठ्यानं वाचत बसले
काल मोडलेल्या सुरुवातीची नोंद,
खाणीवरच्या हजेरीसारखी:
कीबोर्ड हजर. वायफाय हजर. आवाज हजर.
ग्राफिक्स...
आणि तिथं लाल ओळ:
किल्ली नाकारली.

"ड्रायव्हर मोडलेला नाही," बेनितो म्हणाला.
"अपग्रेडनंतर तो तुझ्याच मशीननं घडवलाय, घरच्या घरी.
सहीसुद्धा केलीय त्याच्यावर.
फक्त दारावरचा शिपाई ती सही ओळखत नाही."

मी गप्प.
"हॅलो? लाइन गेली?"

डिचोलीची बँक, फेब्रुवारीतला बुधवार,
बाहेर बाजार भरलेला.
खाणीच्या सहाशे नकाशांवर जी सही
तीच सही: फटू मळीक, खाली दोन टिंबं.
अर्धांगानंतर 'फ'चा पाय जरा घसरायचा, एवढंच.
खिडकीतल्या मुलीनं जुनं कार्ड पडद्यावर आणलं,
स्लिपकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं.
"जुळत नाही हो."
माणूस समोर बसलेला. चष्म्यासकट.
मुलगी वाईट नव्हती, तिनं पाणी दिलं.
शेवटी अंगठा.
रिक्षात पप्पांचा हात पूर्ण वेळ खिशात.
घरी आल्यावर त्यांनी साबण मागितला नाही.
दुसऱ्या दिवसापासून दोनशेपानी वहीत
रोज एक पान, फटू मळीक, फटू मळीक,
उजवीकडे उतरत जाणाऱ्या ओळी.

"आहे," मी म्हटलं. "सांग पुढे."

एक तात्पुरता पासवर्ड. पुन्हा सुरुवात.
निळा पडदा येतो, दहा सेकंद थांबतो,
त्यात बटण दाबायचं, नाहीतर निघून जातो.
पहिल्यांदा गेलाच.
मी तेव्हा नाक पुसत होते, बेनितोला सांगितलं
की बोट चुकलं.
दुसऱ्यांदा पकडला.
किल्ली नोंदवायची?
बाण आधीपासून 'नाही'वर उभा.
म्हणजे कोणी काही केलं नाही तर उत्तर नाहीच.
मी त्याला एक घर खाली उतरवलं.
पासवर्ड टाइप करताना काहीच दिसत नाही,
एक ठिपकासुद्धा नाही.
आपण लिहितोय यावर आपणच विश्वास ठेवायचा.

साडेबाराला पंखा घुमला,
पडदा आधी करडा, मग खरा झाला.
नव्या कर्नलवर फणस जरा अधिकच हिरवा वाटला,
तो माझा भ्रम असेल.

"आयलें?" पप्पांनी विचारलं. झोपलेच नव्हते.
"आयलें."
"कितें जाल्लें ताका?"
काय झालं होतं ते मला सांगता आलं नाही.
म्हटलं, ओळखत नव्हतं, आता ओळखतंय.
त्यांनी कूस बदलली.
उशाशी वही होती, पेन आत ठेवून मिटलेली.

जुना कर्नल मी काढून टाकलेला नाही.
यादीत दुसरा आहे. थोडी जागा खातो.
खाऊ दे.