सोळा तासांचा दिवस

पहाटे साडेपाचला मी खटका दाबते,
दोन हजार माना एकदम वर.
रात्री साडेनऊला पुन्हा दाबते,
तुसावर थोडी सळसळ,
मग काही नाही.

बाहेर पौष आहे.
कपाशीचा दुसरा वेचा चालू,
वणेच्या काठच्या बाभळीवर
बगळे सहाच्या आतच येऊन बसतात, त्यांना कोणी सांगत नाही.
आमच्या शेडमध्ये मात्र बारा महिने ज्येष्ठ.
लांजेवार म्हणतात,
"दिवस लांबला का अंडं वाढते, पंचफुलाबाई.
सोळा तास. एक मिनिट कमी नाई."

येंडे डॉक्टरीण लस टोचायला आली
तेव्हा भरड्याच्या पोत्यावर बसून तिनं मला सांगितलं:
पाखराच्या डोक्यात एक गाठ असते,
ज्वारीच्या दाण्याएवढी.
अंधार पडला की पाझरते.
त्या पाझराचं नाव मेलॅटोनिन.
रक्तात उतरलं की अंगभर निरोप जातो, रात्र झाली.
आणि डोळ्याला उजेड दिसला
की तिथल्या तिथे बंद.

मी म्हटलं, म्हणजे पान्हा चोरते.
डॉक्टरीण हसली, मग हसायची थांबली.
"व्हय," म्हणाली, "तसंच."

तेव्हापासून खटक्यावर बोट ठेवलं
की मला त्या दोन हजार गाठी दिसतात,
आटलेल्या.

एक आहे, देवीच्या साथीत दोन्ही डोळे गेलेली.
खपल्या पडल्या, पापण्या मिटल्या त्या मिटल्याच.
दिवा लागतो, सगळ्या उठतात,
ही बसून राहते.
बऱ्याच वेळानं, कोणी हाक मारल्यासारखी
मान वाकडी करते.
आवाजानं उठत असेल, मी म्हटलं.
डॉक्टरीण म्हणाली, तेही असेल,
पण पाखराची कवटी पातळ असते,
उजेड हाडातूनही झिरपतो,
त्या गाठीला स्वतःलाही थोडं दिसतं.

हे मी घरी कोणाला सांगितलं नाही.
सांगून काय, म्हणतील बाई शेडमध्ये राहून येडी झाली.
पण फाट्यावर हायमास्ट लागल्यापासून
चिंचेवरचा दयाळ रात्री दीडला गातो,
ते सगळ्यांनीच ऐकलंय.
ऐकून कूस बदलतात.

परवा संध्याकाळी सव्वासातला लाईन गेली.
इन्व्हर्टर दोनदा किंचाळला आणि बसला.
कोपऱ्यात जनरेटर,
त्याच्या शेजारी कॅन.
दोरी ओढायला उठले,
आणि तेवढ्यात शेडमधून
एक आवाज आला, नव्हे, आवाज कमी झाला.
एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे
विझत विझत गेला.
पिसं पिसांना टेकली.
कोणीतरी झोपेत बारीक कुरकुरली.
पत्र्यावर दव टपटपायला अजून वेळ होता.

मी दोरी सोडली.

फोन आला. "जनरेटर काऊन नाई लावला?"
"डिझेल सरलं, शेठ."
कॅनमध्ये पाच लिटर होतं.
पायानं मागे सरकवलं, अंधारातच,
जणू तोच बघत होता.

मग तुसावर बसले, पाठ भिंतीला.
आंधळीला चाचपत मांडीवर घेतलं.
ती जागी होती की नाही, कसं कळणार,
डोळे तर मिटलेलेच.
डोक्यावर तळहात ठेवला, अलगद,
वरून चांदणं जरी झिरपलं
तरी आत जाऊ नये म्हणून.
हाताखाली ऊब होती
आणि ऊबेच्या खाली कुठेतरी
ज्वारीचा एक दाणा
पाझरत असावा.

कधी डोळा लागला मला कळलं नाही.
चौदा महिन्यांत पहिल्यांदा
साडेपाच माझ्याशिवाय वाजले.
बाहेर उजाडलं तेव्हा
आधी ती उठली,
मग मी.

काल भिंतीवरच्या वहीत
तारखेसमोर आकडा लिहिला:
सोळाशे अठ्ठ्याऐंशी.
आदल्या दिवशीपेक्षा त्र्याण्णव कमी.
खाडाखोड केली नाही.