मधला भाऊ

पुस्तक धुरीला कचऱ्याच्या पेटीत मिळालं,
व्हिला नंबर चौदाच्या मागे, साहेब कायमचा गेला त्या दिवशी.
कणा उसवलेला, आत कुणाच्या तरी चहाचं वर्तुळ.

आता सोहारच्या कॅम्पात, आमच्या खोलीत,
जेवणं उरकली की धुरी चष्मा पुसतो
आणि दोनशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड
मालवणी हेल काढून मराठीत सांगतो.
बाहेर रात्री दहालाही एक्केचाळीस.
पुस्तकात बर्फ. नायिका विस्तवाशी हात शेकतेय.
सोपान म्हणतो, तिला म्हणावं, इकडं ये.

ती अनाथ. दूरच्या हवेलीत निघालीय,
एका आंधळ्या म्हातारीला वाचून दाखवायच्या नोकरीवर.
एक ट्रंक, एक शिफारसपत्र.
'एजंटनं किती घेतले?'
'एजंट नाय. पाद्र्याच्या ओळखीन.'
'पगार?'
'वर्षाक बारा पौंड. जेवण मालकाचा.'
'सुट्टी?'
धुरी पान मागे उलटून बघतो, प्रामाणिक माणूस.
'लिवलेला नाय.'
'म्हंजे कागद मालकाकडंच,' सोपान म्हणतो,
आणि त्या रात्रीपासून ती आमच्यातली होते.

नाच झाले, पत्रं हरवली, कुणाला तरी खोकला लागला,
हवेली गहाण पडली.
आठवडाभर आम्ही हवेलीच्या काळजीत कामावर गेलो.
मी डक्टमध्ये अर्धा शिरलेलो, डोक्यात तेच:
छप्पर गळतंय, आता कोण भरणार?

काल फिटलं कर्ज. धुरीनं वाचलं:
मधला भाऊ परदेशी गेला, आणि सात वर्षांनी पैसे घेऊन परतला.
पुढे नव्या पडद्यांवर तीन पानं.

'थांब,' मुकादम उठून बसला. 'परत वाच.'
धुरीनं परत वाचलं.
मुकादमनं बोटांवर मोजलं. दहा शब्द.
त्याची स्वतःची बावीस वर्षं झाली, दाभोळला दोन मजले उठले.
मी म्हटलं, गेला च्या पुढे तो स्वल्पविराम आहे ना,
तिथंच कुठंतरी आपली खोली.
मला वाटलं, बरं बोललो.

'आपली कशाला?' मुकादम म्हणाला.
'तो भाऊ गेला कुठं? उसाच्या बेटावर.
तो मळ्याचा मालक असणार.
ऊस तोडणारे कुठं आहेत ह्यात?'

धुरीनं पान शोधलं, मागचं, पुढचं.
सोपान काही बोलला नाही.
त्याच्या आईनं सोळा हंगाम कोयता धरला,
हे त्यानं एकदाच सांगितलं होतं, पगाराच्या रात्री.

मग धुरीनं खिशातली लाल पेन्सिल काढली
आणि समासात फुली मारली,
स्टोअरात माल कमी भरला की मारतो तशी.
चारला बस होती. दिवा मालवला.
एसी ठिबकत राहिला बादलीत.

पडद्यांचा रंग कुठला, ते ऐकायचं राहूनच गेलं.